टेक्सासच्या डान्स हॉलांतून नऊ दिवस

कंट्री संगीताचं माहेर टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल. पण रेकॉर्ड कंपनीचा हात पाठीवर नसलेल्या गायकाला महिन्याचं गणित जमवायचं असेल, तर बहुतेकदा टेक्सासचा रस्ता धरावा लागतो. नॅशव्हिलच्या लोअर ब्रॉडवेवर सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत दारोदारी बँड वाजत असतात. पाळी चार-चार तासांची, आणि कमाईचा मोठा भाग टिपांच्या बादलीतून येतो. टेक्सासमध्ये मामला निराळा. एकोणिसाव्या शतकात आलेल्या जर्मन आणि चेक शेतकऱ्यांनी तिथे गावोगावी लाकडी डान्स हॉल बांधले, आणि सहकुटुंब नाचायला जायची त्यांची सवय अजून टिकून आहे. आजी-आजोबा, शाळकरी मुलं, सगळे एकाच फरशीवर असतात. नाचायला आलेल्या माणसाला गायकाचं नाव ठाऊक नसलं तरी चालतं, पण लय पक्की लागते. नाव नसलेल्या बँडला दुसऱ्यांदा बोलावणं येतं ते लयीच्या जोरावर. म्हणून गाणी, वेळ, सामान, माणसं हे सगळं नाचणाऱ्यांकडे बघून ठरवायचं.

इथे दिलेला मार्ग चौघांच्या बँडचा आहे: गायक आणि त्याची अकूस्टिक गिटार, पेडल स्टील, म्हणजे पेडलं लावलेली आडवी गिटार, वाजवणारा (तोच अधूनमधून टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घेतो), बेस आणि ड्रम. ऑक्टोबरचा शेवट, नऊ दिवस, सहा कार्यक्रम, सुमारे २,१०० मैल, म्हणजे ३,४०० किलोमीटरच्या आसपास.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात

प्रत्येक जागेला सात दिवस आधी फोन करायचा. ईमेलवर ठरलेलं असलं तरी करायचाच. सामान उतरवायची वेळ, ध्वनितपासणीची वेळ, किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद, ट्रेलर कुठे लावायचा, साउंड सिस्टीम त्यांची की आपली, जेवण आहे का, आणि कार्यक्रमानंतर पैसे कोण मोजून देणार त्याचं नाव. यातला शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, आणि मग रात्री एक वाजता मॅनेजर घरी निघून गेलेला असतो. फोननंतर लगेच दोन कागद पाठवायचे: मंचावर कोण कुठे उभा राहणार त्याचा नकाशा आणि साउंडच्या कोणत्या वाहिनीला कोणतं वाद्य जाणार त्याची यादी. शिवाय करासाठी लागणारा डब्ल्यू-९ फॉर्म भरून त्याच्या पाच-सहा प्रती फाइलमध्ये ठेवायच्या. तो नसेल तर काही ठिकाणी चेक अडतो.

ट्रेलर भरणं हे अर्ध्या दिवसाचं काम धरा. चौघांसाठी पाच बाय आठ फुटांचा एका आसाचा बंद ट्रेलर पुरतो. अशा ट्रेलरची एकूण वजनमर्यादा बहुधा २,९९० पौंड असते. साठ टक्के वजन आसाच्या पुढे, चाळीस टक्के मागे. जोडावर, म्हणजे हुकावर, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पडला पाहिजे. ट्रेलर भरून २,००० पौंडांचा झाला असेल तर हुकावर २०० ते ३०० पौंड. ते मोजायला घरातला वजनकाटा चालतो: काट्यावर लाकडी ठोकळा ठेवायचा, त्यावर ट्रेलरची जीभ, म्हणजे पुढची दांडी, टेकवायची, ट्रेलर सपाट राहील इतकीच उंची धरायची. भार कमी पडला तर ५५ मैलांच्या पुढे ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. तसं झालंच तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेकवर जोर द्यायचा नाही. घाबरून ब्रेक दाबला की ट्रेलर व्हॅनला आडवी करतो. ड्रमची हार्डवेअर बॅग, अ‍ॅम्प आणि साउंडचे खोके पुढच्या भिंतीशी. कपड्यांच्या पेट्या मागे. गिटारी ट्रेलरमध्ये कधीच नाहीत.

आणखी एक गोष्ट बऱ्याच बँडना रस्त्यावर अडवलं गेल्यावरच कळते. व्यवसायासाठी राज्यं ओलांडणाऱ्या गाडीचं आणि ट्रेलरचं मिळून ठरलेलं वजनमान १०,००१ पौंड किंवा जास्त असेल, तर अमेरिकी परिवहन खात्याचा यूएसडॉट क्रमांक घ्यावा लागतो. मोठी प्रवासी व्हॅन आणि छोटासा ट्रेलर एवढ्यानेही हा आकडा पार होतो. मग तुम्ही ट्रक कंपनी नसून गाणारे आहात, हे सांगून उपयोग नसतो.

सोमवार: नॅशव्हिल ते टेक्सारकाना, ४९० मैल

पहाटे सहाला निघायचं. आय-४० ने मेम्फिस २१० मैल, तिथून लिटल रॉक आणखी १४० च्या आत, मग आय-३० धरून टेक्सारकाना. नकाशा साडेसात तास सांगतो, ट्रेलर मागे असला की नऊ धरा. मेम्फिस ते लिटल रॉकच्या पट्ट्यात ट्रकांची अखंड रांग असते. पुढे जायची घाई न करता ६२-६३ मैलांवर राहावं, कारण ट्रेलरचे टायर वेगळ्या जातीचे असतात. त्यांच्या कडेला ‘एसटी’ असं लिहिलेलं असतं आणि त्यातले बरेचसे ६५ मैलांच्या वेगासाठीच बनवलेले असतात. टायर झिजून फुटण्यापेक्षा कमी हवा आणि उष्णता यांनीच जास्त फुटतात. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची, आणि कडेवर छापलेल्या पूर्ण दाबाइतकी भरायची.

दर वेळी इंधन भरताना ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर हात लावून पाहायचा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल तर आतलं बेअरिंग कोरडं पडलंय, आणि पुढच्या शंभर मैलांत चाक जाऊ शकतं. एक जोडी बेअरिंग, ग्रीसचा डबा, जॅक आणि भरलेलं जादा चाक सोबत हवंच. व्हॅनचा पाना ट्रेलरच्या नटांना बसेलच असं नाही, तो घरीच लावून पाहावा. चाक बदललं तर ५० मैलांनी नट पुन्हा आवळायचे.

रात्री मोटेलमध्ये ट्रेलर मागच्या दारांनी भिंतीला चिकटवून लावायचा, म्हणजे दार उघडायलाच जागा उरत नाही. हुकाला कुलूप, दाराला गोल कुलूप. गिटारी, स्टील आणि मायक्रोफोनची पेटी खोलीत. सगळं सामान, त्याचे क्रमांक आणि फोटो एका फाइलमध्ये ठेवून तिची प्रत घरच्या माणसाकडे द्यावी. घरगुती विमा बहुधा धंद्याच्या वाद्यांना लागू होत नाही, त्यांचा वेगळा काढावा लागतो.

मंगळवार: फोर्ट वर्थ, बारमधले चार तास

सव्वादोनशे मैलांच्या आतलाच पल्ला, दुपारी पोहोचता येतं. फोर्ट वर्थमध्ये १९८१ पासूनचं बिली बॉब्ज टेक्सास आहे, पण नवख्या बँडचा मंगळवार तिथे नसतो. तो आजूबाजूच्या लहान बारमध्ये असतो, नऊ ते एक. पंचेचाळीस मिनिटं वाजवायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, असं चार वेळा. एका फेरीत बारा गाणी धरली तर अठ्ठेचाळीस गाणी तयार पाहिजेत. स्वतःची रचलेली पंधरा-वीस, बाकी जुनी सर्वांना पाठ असलेली. स्वतःची गाणी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत घालावीत, कारण तेव्हा खोली भरलेली असते आणि कान जागे असतात.

बारमध्ये पहिली अडचण विजेची. एका सर्किटवर १२० व्होल्टला २० अँपिअर, म्हणजे कागदावर २,४०० वॉट. त्याच तारेवर बर्फाचं यंत्र असेल तर ते सुरू होताना अ‍ॅम्प धाप टाकतो. साउंड आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या सर्किटांवर लावले तर जमिनीच्या तारेतून घूं-घूं येते. ती घालवायला प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग आहेत; हे कधीही करू नये. ओठ मायक्रोफोनला आणि बोटं गिटारच्या तारांना लागलेली असताना त्या पिनेवरच जीव अवलंबून असतो. वाद्य साउंड सिस्टीमला जोडणाऱ्या डीआय बॉक्सवर जमीन तोडायचं बटण असतं, ते दाबायचं. तेवढ्याने भागलं नाही तर सगळं एकाच सर्किटवरून घ्यायचं आणि अ‍ॅम्प लहान वापरायचा.

दुसरी अडचण निऑनची. टेलिकास्टरचे तारांचा सूर टिपणारे एकेरी कॉइलचे पिकअप भिंतीवरच्या बिअरच्या निऑन पाट्यांची गुणगुण अँटेनासारखी खेचून घेतात. उपाय फुकटचा आहे. आवाज वाढवून, तारा हाताने दाबून धरून, जागच्या जागी हळूहळू फिरायचं. एका कोनात गुणगुण जवळजवळ बंद होते. फरशीवर त्या जागी चिकटपट्टीची खूण करायची आणि रात्रभर तिथेच, त्याच दिशेला तोंड करून उभं राहायचं. मागची एखादी पाटी बंद करता येईल का, हे मालकाला नम्रपणे विचारायलाही हरकत नाही. बरेच जण करतात.

बुधवार: ऑस्टिन

फोर्ट वर्थहून १९० मैल, सगळे आय-३५ वर, आणि ऑस्टिनमध्ये हा रस्ता दुपारी तीननंतर तुंबतो. शहर टाळायचं असेल तर पूर्वेकडून एसएच-१३० हा टोलरस्ता आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या तुकड्यावर वेगमर्यादा ८५ मैल, देशातली सर्वांत जास्त. मोकळा रस्ता बघून पाय जड होतो, पण ट्रेलरचे टायर ६५ चे आहेत हे विसरायचं नाही.

साउथ लामार रस्त्यावरचं ब्रोकन स्पोक १९६४ पासून उभं आहे. आता चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेलं हे बुटकं लाल घर नाचणाऱ्यांसाठी देवळासारखं आहे. छत इतकं खाली आहे की उंच माणसाला हात वर करून पोहोचता यावं. इथे कार्यक्रमाआधी टू-स्टेप हा जोडीचा नाच शिकवायचा वर्ग भरतो, म्हणजे पहिल्या गाण्याला फरशीवर येणाऱ्यातल्या काहींना अर्ध्या तासापूर्वीच पावलं कळलेली असतात. त्यांना सांभाळून घ्यायचं. सुरुवातीची दोन-तीन गाणी मध्यम लयीत, ठेका सरळ, मध्येच थांबे नाहीत.

ऑस्टिनमध्ये व्हायोलिनवाला तिथलाच घेता येतो. नॅशव्हिलहून पाचवा माणूस आणण्याचा खर्च वाचतो. पण त्याने तुमची गाणी ऐकलेली नसतात, आणि इथे नॅशव्हिलची आकडेपद्धत कामी येते. १९५० च्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज यांनी ती बसवली आणि पुढे चार्ली मॅकॉय आणि इतरांनी स्टुडिओभर पसरवली. कॉर्डला नाव न देता स्वराच्या जागेचा आकडा द्यायचा. आपल्या सरगमशी नातं सांगणारी ही गोष्ट आहे: सा कुठेही धरा, म आणि प यांचं अंतर तेच राहतं. ‘१ १ ४ १’ असं लिहिलं की जी मध्ये जी-जी-सी-जी, आणि गायकाचा घसा बसला म्हणून पट्टी एफ केली तर एफ-एफ-बीफ्लॅट-एफ. कागद तोच. आकड्याभोवती चौकोन तिरका काढला, की तो कॉर्ड वाजवून पूर्ण माप धरून ठेवायचा. गाणं सुरू होताना पट्टी बोटांनी सांगतात: एक बोट वर म्हणजे जी, दोन डी, तीन ए, चार ई, एक बोट खाली म्हणजे एफ, दोन खाली म्हणजे बीफ्लॅट. किती शार्प, किती फ्लॅट याचाच तो हिशेब. गोंगाटात यासारखं दुसरं काही नाही.

ऑस्टिनला आजारी पडणाऱ्या वादकांसाठी २००५ पासून हाम नावाची संस्था आहे. कमी उत्पन्नाच्या स्थानिक वादकांना ती आरोग्यसेवा मिळवून देते. बाहेरगावच्या बँडला तिचा उपयोग नाही, पण ज्या शहराने वादकांना असं जपलं त्या शहरात व्हायोलिनवाले टिकून राहिले, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

गुरुवार: लकनबाक

ऑस्टिनहून यूएस-२९० ने पश्चिमेला, मग गावरस्त्याने, ७५ मैल. एक जुन्या टपाल कचेरीतलं दुकान, एक डान्स हॉल, मोठी ओकची झाडं. लोकसंख्या तीन, असं इथे अभिमानाने सांगतात. जेरी जेफ वॉकरने १९७३ साली याच हॉलमध्ये आपला अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि टेक्सासच्या गाण्याला स्वतःचा सूर मिळाला.

दुपारी झाडाखाली वादकांचं कोंडाळं बसतं. त्यात बसायचं तर रीत पाळावी. वीज नाही, अ‍ॅम्प नाही. आपली पाळी आली की आधी पट्टी सांगायची, मग सगळ्यांना झेपेल असं गाणं घ्यायचं. दुसरा गात असताना त्याच्यापेक्षा मोठ्याने वाजवायचं नाही, आणि आपल्या सीडीची जाहिरात तर नाहीच. इथे कमाई फार नसते. टिपा आणि टी-शर्ट-रेकॉर्ड अशा मालाची थोडी विक्री. पण इथे ओळखी होतात, आणि पुढच्या वर्षीची सुपारी अनेकदा अशाच झाडाखाली ठरते.

परतताना अंधार पडायच्या वेळी हरणं रस्त्यावर येतात. वेग ५० च्या खाली ठेवायचा, आणि हरीण समोर आलं तर ब्रेक लावायचा, पण गाडी वळवायची नाही. ट्रेलरसह एकदम वळवली की उलटते.

शुक्रवार: ग्रीन (Gruene), आणि पेडल स्टीलची जुळवणी

पासष्ट मैल, पण सगळे टेकड्यांतून आणि नदीनाल्यांवरून. हिल कंट्रीत पुलांऐवजी बऱ्याच ठिकाणी फरशी आहे, पावसाळ्यात आपल्याकडे पाण्याखाली जाते तशीच. ऑक्टोबर १९९८ च्या पुराने ग्वादालुपे नदीने या भागाची दाणादाण उडवली होती. वाहतं पाणी एक फूट असलं तरी छोटी गाडी नेतं, दोन फूट असलं तर व्हॅनही नेतं. फरशीवर पाणी दिसलं तर मागे फिरायचं, कार्यक्रमाला उशीर झाला तरी.

ग्रीन हॉल १८७८ चा. टेक्सासमधला अखंड चालत आलेला सर्वांत जुना डान्स हॉल म्हणून तो ओळखला जातो. सहा हजार चौरस फूट, वर पत्रा, बाजूच्या फळ्या उघडल्या की वारा आत. एअर कंडिशनर नाही, म्हणजे मंचावरचं हवामान बाहेरच्यासारखंच असतं. याचा सगळ्यात जास्त त्रास पेडल स्टीलला होतो, म्हणून ते निवांत जुळवायला वेळ काढावा.

हे वाद्य म्हणजे हवाईयन गिटारचं पुढचं रूप. व्हॅन शिप्लीने त्याच हवाईयन गिटारवर मुंबईत हिंदी सिनेमाची गाणी वाजवली. आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मधे लागणाऱ्या त्या सरकत्या सुरांची ओळख असलेल्या मराठी कानाला टेक्सासच्या हॉलमध्ये लगेच घरचं काहीतरी ऐकू येतं. फरक इतकाच की इथे एका मानेवर दहा तारा आहेत, आणि पायाखालची पेडलं आणि गुडघ्याच्या दांड्या तारा ताणून किंवा सैल करून सूर बदलतात.

पेटी उघडली की स्टील आत उलटं असतं. उलटं असतानाच चारही पाय पिळून बसवायचे. मग पुढच्या दोन पायांना पेडलांची दांडी अडकवायची. आता दोघांनी धरून वाद्य सुलटं करायचं. शेवटी प्रत्येक पेडलाची उभी सळी वरच्या आकड्यात अडकवायची. सळ्यांची लांबी थोडी-थोडी वेगळी असते, म्हणून त्यांना क्रमांकाच्या चिकटपट्ट्या लावलेल्या असतात. त्या निघाल्या की दहा मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं. गार व्हॅनमधून गरम हॉलमध्ये आणलेलं वाद्य लगेच जुळवायचं नाही; तीस मिनिटं तसंच ठेवायचं. नंतर आधी मोकळ्या तारा खुंट्यांवर जुळवायच्या. मग एकेक पेडल दाबून धरायचं आणि उजव्या टोकाच्या नायलॉनच्या छोट्या नटांना ३/१६ इंची षट्कोनी किल्लीने दाबलेला सूर लावायचा. हा क्रम उलटा केला तर दोन्ही सूर हलतात आणि पुन्हा पहिल्यापासून.

कंट्रीतल्या नेहमीच्या ई९ जुळणीत तिसरी तार सर्वांत जास्त तुटते. जाडी ०.०११ इंच, सूर जीशार्प, आणि बी पेडल दर वेळी तिला ए पर्यंत ताणतं. ती तुटते ती उजव्या टोकाला, चेंजरच्या (तारा ताणणाऱ्या यंत्रणेच्या) गोलावर जिथे ती पुन्हा पुन्हा वाकते तिथे. त्या गोलावर धूळ आणि काळा थर बसला की आणखी लवकर. काही हॉलांत पाय घसरावेत म्हणून फरशीवर मेणाची भुकटी किंवा मक्याचं पीठ भुरभुरतात. ते सगळीकडे उडतं. तार बदलताना गोल कापडाने पुसून घ्यायचा. तिसऱ्या तारेची डझनभर जादा पाकिटं ठेवायची, आणि दोन कार्यक्रमांनंतर ती तुटायची वाट न बघता बदलायची.

गाण्यांचा क्रम इथे नाचाची फरशी ठरवते. टू-स्टेपची लय मिनिटाला सुमारे १६० ते २०० ठोके. जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने हॉलभर फिरतात. तीन-चार टू-स्टेपनंतर एक वॉल्ट्झ, तीनच्या ठेक्यात, म्हणजे दमलेले सावरतात आणि म्हातारी जोडपी उठतात. मध्ये एखादं पोल्का किंवा शोटिश ठेवलं तर जुने गावकरी खूश. गाणं तीन ते चार मिनिटांचं हवं. दोनमध्ये संपलं तर जोडी अर्ध्या फेरीत अडकते. दोन गाण्यांत वीस सेकंदांपेक्षा जास्त बोलायचं नाही. लोक फरशीवर जोडीदाराचा हात धरून उभे असतात. भाषण लांबलं की हात सुटतात आणि ते बिअर आणायला जातात. ड्रमवाल्याच्या कानात मेट्रोनोमची टिकटिक द्यावी. उत्साहात लय शेवटच्या कडव्यात पाच-सहा ठोक्यांनी चढते, ऐकणाऱ्याला ते कळत नाही, पण नाचणाऱ्याच्या पोटऱ्यांना लगेच कळतं.

शनिवार: हेलोटीस

पंचेचाळीस मैल. सॅन अँटोनिओच्या कडेला फ्लोअर्स कंट्री स्टोअर, १९४२ पासून. विली नेल्सन इथे नेमाने वाजवायचा. अशा मोठ्या जागी शनिवारी नवा बँड मुख्य गायकाच्या आधी वाजवतो: तीस ते चाळीस मिनिटं, नऊ-दहा गाणी, आणि मंच रिकामा करायला पंधरा मिनिटं. वेळ एक मिनिटही ओलांडायची नाही. शेवटचं गाणं संपताच आधी सगळं मंचावरून खाली उतरवायचं आणि मग गुंडाळायचं; मंचावर केबल गुंडाळत बसलेला बँड लक्षात राहतो, पण नको त्या कारणाने.

कमाई इथे मालाच्या टेबलावर. टी-शर्ट, टोप्या, रेकॉर्ड. टेक्सासमध्ये एल, एक्सएल आणि दोन एक्सएल जास्त न्यावेत, लहान मापं थोडीच. मोठ्या जागा मालाच्या विक्रीतून १० ते २० टक्के मागतात. ते फोनवरच विचारून घ्यायचं आणि मोजणी आधी-नंतर लिहून ठेवायची. विक्रीकर राज्याचा ६.२५ टक्के आणि स्थानिक धरून जास्तीत जास्त ८.२५. परवाना राज्याकडून फुकट मिळतो, त्यामुळे तो न काढण्याचं कारण नाही. रेकॉर्ड व्हॅनमध्ये उन्हात ठेवायच्या नाहीत. ऑक्टोबरातही बंद गाडी तापते आणि वाकलेली रेकॉर्ड विकता येत नाही. अकूस्टिक गिटारचंही तेच: उष्णतेने सरस मऊ पडतो आणि घोडी उचलली जाते.

मंचावर आवाज १०० डेसिबलला सहज जातो. अमेरिकेच्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने तिथे कान पंधरा मिनिटंच सुरक्षित. कानात बोळे घालून वाजवायची सवय पहिल्याच वर्षी लावावी. गेलेलं ऐकणं परत येत नाही.

रविवार: ह्यूस्टन, घरगुती मैफल

आय-१० वरून सव्वादोनशे मैलांच्या आत. एखाद्या रसिकाच्या दिवाणखान्यात चाळीस-पंचेचाळीस माणसं, माणशी २० डॉलर देणगी, सगळी रक्कम वादकांची. आपल्याकडच्या खासगी बैठकीचंच हे भावंड. अ‍ॅम्प नाही, ड्रमच्या जागी ब्रश आणि एक स्नेअर, म्हणजे छोटा ड्रम. पंचेचाळीस मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये जेवण. इथे कोणी नाचत नाही, म्हणून आठवडाभर मागे ठेवलेली संथ गाणी आणि त्यांच्यामागची हकिकत इथे सांगायची. यजमानाला आधीच दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: देणगीची थाळी दारात नको, मध्यंतरानंतर फिरवावी; आणि कुत्रा शेजारी नेऊन ठेवावा. राहायची सोयही बहुधा तिथेच होते, एका रात्रीचं भाडं वाचतं.

सोमवार-मंगळवार: परतीची वाट आणि हिशेब

पहिल्या दिवशी लिटल रॉकपर्यंत सुमारे ४४० मैल, दुसऱ्या दिवशी नॅशव्हिल ३५०. गाडी चालवणारा दर दोन तासांनी बदलायचा, रात्री बाराच्या पुढे चालवायचं नाही. मागच्या सीटवर हिशेब होतो. उदाहरणादाखल आकडे मांडू. बिदागी: ५००, ६००, ३००, ७००, ४०० आणि घरगुती मैफलीचे ९००, एकूण ३,४०० डॉलर. टिपा ६००, माल ९००. जमा ४,९००. खर्च: गॅलनला बारा मैल धरून १७५ गॅलन, ३ डॉलरने ५२५. तीन साथीदार, सहा कार्यक्रम, प्रत्येकी १२५, म्हणजे २,२५०. दोन खोल्या, सात रात्री, ९० डॉलरने १,२६०. जेवण चौघांचं नऊ दिवस, माणशी २० ने ७२०. विकलेल्या मालाची छपाई ३००. खर्च ५,०५५. गायकाच्या खिशातून १५५ डॉलर जातात, आणि विमा, टायर अजून धरलेले नाहीत.

म्हणून बिदागी ठरवताना ‘अमुक रक्कम किंवा दारावरच्या गल्ल्याचे ७० टक्के, जे जास्त असेल ते’ अशी अट घालावी. हॉल भरला तर त्याचा फायदा बँडलाही होतो. मोजणीच्या वेळी तिकिटांची संख्या, वजा केलेले खर्च आणि आपला वाटा कागदावर बघून मगच सही करायची. दुसरी जमा घरी बसून येते. आपण रचलेली गाणी आपण जिथे गायली त्या जागांची यादी गाणी रचणाऱ्यांचे हक्क सांभाळणाऱ्या बीएमआय किंवा अ‍ॅस्कॅपच्या खात्यात भरली, की त्याची रॉयल्टी मिळते. मुदत काही महिन्यांचीच असते. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं लागलं तर गाणाऱ्याला काही मिळत नाही, रचणाऱ्याला मिळतं. उपग्रह आणि इंटरनेट रेडिओचे पैसे साउंडएक्सचेंज ही संस्था देते: ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला, ५ साथीदारांना. स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड काढलेला गायक पहिल्या दोन्ही वाट्यांचा धनी असतो, पण त्याला नोंदणी दोन्ही नात्यांनी करावी लागते, आणि अनेक जण एकदाच करतात. गाडीचे मैल रोजच्या रोज लिहून ठेवलेले असतील तर मैलामागे ठरलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते; २०२५ साली हा दर ७० सेंट होता. हा मार्ग धरला तर इंधनाची बिलं वेगळी लावता येत नाहीत.

नॅशव्हिलला पोहोचल्यावर ट्रेलर त्याच रात्री रिकामा करायचा. गिटारच्या तारा सैल न करता पेटीत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता राहील अशी ओली पुडी ठेवायची. स्टीलची पेटी उघडून सळ्यांच्या चिकटपट्ट्या नव्या लावायच्या, आणि ट्रेलरचं डावं चाक काढून बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं, मग उजवं.